चितकबरी वर्दी आणि करडी भिंत

अनंत चतुर्दशीची सकाळ. लालबागच्या उड्डाणपुलाखाली ढोलांवर अजून थाप पडायची होती, पण गुलालाची पोती फुटायला सुरुवात झाली होती. पुलाच्या एका खांबाला ढाली टेकवून रॅपिड अ‍ॅक्शन फोर्सचे जवान रांगेत कट्ट्यावर बसले होते. कुणी केळं सोलत होता, कुणी हेल्मेटच्या काचेवरचा गुलाल बोटानं पुसत होता. तो पुसायच्या नादात अधिकच पसरत होता. सगळ्यांच्या अंगात निळ्या छटांच्या चट्ट्यांची वर्दी होती. मागे करड्या काँक्रीटचा खांब, त्यावर तीन पक्षांचे शुभेच्छाफलक, त्याच्या मागे पिवळ्या झेंडूच्या माळा. पन्नास पावलांवरून पाहिलं तरी नजर आधी त्या निळ्यावर जायची.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘शहर आणि रंग’ हा विषय दिला, तेव्हा पहिल्यांदा हे निळे चट्टे आठवले. जंगलात हिरवी, वाळवंटात पिवळट आणि बर्फात पांढरी वर्दी कशासाठी, हे शेंबडं पोरही सांगेल. पण शहरात? तिथे फौजेनं कुठला रंग घालायचा? आणि चट्टे अंगावर घेऊन माणूस असा उठून दिसणार असेल, तर ते हवेत कशाला?

एका जवानाला हेच विचारलं. तो हसला. म्हणाला, “छुपना होता तो हरा देते ना, साहब.”

दिसण्यासाठीची वर्दी

त्याचं म्हणणं खरंच होतं. रॅपिड अ‍ॅक्शन फोर्स ही केंद्रीय राखीव पोलीस दलाची खास शाखा. ७ ऑक्टोबर १९९२ पासून ती पूर्णपणे कामाला लागली. सुरुवातीला दहा बटालियन होत्या, क्रमांक ९९ ते १०८. त्यांतली १०२ नवी मुंबईत तळोज्याला असते, त्यामुळे गणपती, निवडणुका किंवा बंद म्हटलं की मुंबईकरांच्या नजरेला हे निळे जवान पडतातच. दंगल आवरणं आणि गर्दी सांभाळणं हे यांचं मुख्य काम. ते काम लपून होत नाही. दंगलीच्या गल्लीत स्थानिक खाकीवर एका बाजूचा राग असतो, दुसऱ्या बाजूचा संशय. अशा वेळी ‘बाहेरचे आले’ एवढं लोकांना लांबून कळलं, तरी निम्मं काम होतं. त्यासाठी खाकीहून वेगळा रंग हवा आणि फौजेच्या हिरव्याहूनही वेगळा. निळ्यानं दोन्ही साधतं.

मग चट्टे कशाला, साधा निळा सदरा का नको? माझ्या मते, चट्ट्यांना धाक आहे म्हणून. सैनिकाच्या अंगावर पाहून पाहून आपल्या डोळ्याला सवय झाली आहे, की चट्टे दिसले म्हणजे मामला गंभीर. रशियात ओमोन नावाचं दंगलविरोधी पोलीस दल आहे. १९९० च्या दशकात त्याच्या अंगावरही निळ्या-करड्या पट्ट्यांची वर्दी असायची, आणि मॉस्कोच्या चौकात तीही अशीच उठून दिसायची. सैन्याच्या लपण्याच्या कलेतून रंग वजा केला आणि नक्षी तेवढी उरली.

पण ज्यांना शहरात खरोखर लढायचं असतं, त्यांचं काय?

पेठेतला प्रयोग

पुण्यात कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर ‘अर्बन’ म्हणून एक कापड खपतं, करडं, पांढरं आणि काळं. कॉलेजच्या पोरांच्या कार्गो पँटी, टोप्या, पाठीवरच्या पिशव्या, सगळं त्याच कापडाचं. जगातल्या फारच थोड्या फौजांनी ते प्रत्यक्ष लढाईत अंगावर घातलंय, पण बाजारात त्याची चलती आहे. त्याचा एक ढगळ शर्ट घेतला, फोटोग्राफर मित्राच्या अंगात घातला आणि त्याला भल्या सकाळी सदाशिव पेठेतल्या एका बोळात निरनिराळ्या भिंतींसमोर उभं केलं.

जुन्या वाड्याच्या काळ्या दगडी जोत्यासमोर तो बसला, तेव्हा तीस पावलांवरून खरंच क्षणभर हुकला. दगडाचे सांधे आणि शर्टाचे काळे चट्टे एकमेकांत मिसळले होते. मग त्याला उभं राहायला सांगितलं. जोतं कमरेपर्यंतच होतं, वर गिलावा उडालेली विटांची तांबूस भिंत. त्यावर त्याचं वरचं अंग ठसठशीत उमटलं. दोन पावलं पुढे पत्र्याचं हिरवं शटर, त्यापुढे क्लासची जाहिरात रंगवलेली पिवळी भिंत, त्यापुढे बँकेची आरशासारखी काच. काचेसमोर तर एकाचे दोन झाले. तेवढ्यात ऊन आलं आणि त्याची सावली भिंतीवर धारदार पडली. त्यानंतर शर्ट कुठला आहे, याला अर्थच उरला नाही.

सगळ्यात मजा शेवटी आली. कंटाळून तो वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत दोन हात सरकला आणि शर्ट काढून आपला नेहमीचा तपकिरी सदरा घालू लागला. बाहेरच्या लख्ख उजेडातून मला तो दिसेचना. मी हाका मारत होतो आणि तो समोरच उभा होता.

शहरातल्या लपण्याचं सारं शास्त्र त्या बोळात सापडतं. रानातली पार्श्वभूमी मैलोन् मैल साधारण सारखी असते. पानं, फांद्या, माती, सावल्यांचे कवडसे, सगळं वेडंवाकडं. माणसाचा आकारही तिथे वेडावाकडा करून टाकला की भागतं. शहर सरळ रेषांचं. खिडकीची चौकट, जिन्याची पायरी, विजेचा खांब. सरळ रेषेसमोर माणसाचे गोल खांदे आणि डोकं लगेच वेगळं पडतं. रंग तर दर दहा पावलांना बदलतो. म्हणून शहरात लढायला शिकवताना सैनिकाला कपड्याआधी अंधार वापरायला शिकवतात. खिडकीत उभं राहायचं नाही, खोलीत आत मागे राहून तिथून बाहेर पाहायचं. बंदुकीची नळी चौकटीबाहेर काढायची नाही. उजेडाकडे पाठ करून दारात थांबायचं नाही.

अंतराचाही हिशेब आहे. निरोगी डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन वेगळा ओळखता येतो, म्हणजे शंभर मीटरवर सुमारे तीन सेंटिमीटर. त्याहून बारीक नक्षी असेल, तर त्या अंतरावर तिचे रंग एकमेकांत मिसळून एकच मळकट डाग उरतो. नक्षी फार मोठी ठेवली, तर जवळून ती उठून दिसते. जंगलातल्या लढाईत शंभर-दोनशे मीटरचा विचार करून नक्षी बेतता येते. शहरात समोरच्या इमारतीचं अंतर रस्त्याच्या रुंदीएवढं, आणि खोलीत शिरलं की पाच पावलं. पाच पावलांवरून कुणाला कुठलीही नक्षी फसवत नाही.

बर्लिनमधले चौकोन

तरीही एका शहरासाठी ही कला जमून आली होती. पश्चिम बर्लिन. पूर्व जर्मनीच्या पोटात बेटासारखं अडकलेलं हे अर्धं शहर अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या फौजा राखत होत्या. ब्रिटिश बर्लिन ब्रिगेडकडे चीफ्टन रणगाडे होते. लढाई जुंपली असती, तर ती गव्हाच्या शेतात होणार नव्हती. ती बर्लिनच्या रस्त्यांवर होणार होती. आणि रणगाड्यांचा रंग मात्र शेताचाच, हिरवा-काळा.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्थ/सेव्हन्थ रॉयल ड्रगून गार्ड्सच्या मेजर क्लेंडन डॉक्स या अधिकाऱ्यानं हे बदललं. रणगाड्यावर पांढरे, पाटीसारखे करडे आणि तपकिरी आयत रंगवले गेले. वळणदार चट्टे नाहीत, सगळं काटकोनात. रणगाड्याची बाजू एकाएकी इमारतीच्या दर्शनी भागासारखी दिसू लागली. पांढरा म्हणजे गिलाव्याची भिंत, करडा म्हणजे खिडकी किंवा दाराचा अंधार, तपकिरी म्हणजे वीट. आजही त्याचे फोटो पाहिले की आधी वाटतं कुणीतरी गंमत केली आहे, मग रणगाडा गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला फोटो समोर येतो आणि त्याचा तोफेचा बुरूज कुठे संपतो हे शोधावं लागतं.

हे जमलं, कारण शहर एकच होतं. कुठल्या वस्तीत उभं राहायचं, कुठला चौक अडवायचा, हे ब्रिगेडला आधीच ठाऊक होतं. दुसरं म्हणजे रणगाडा कोपऱ्यावर दबा धरून बसतो. त्याला रोज सकाळी उठून जिन्यावरून पळायचं नसतं. याच ब्रिगेडच्या पायदळाच्या अंगात मात्र नेहमीची हिरवी-तपकिरी वर्दीच राहिली. यंत्र रंगवलं, माणूस रंगवला नाही. मला यात इंग्रजांचं शहाणपण दिसतं. कंजूषपणाही असू शकेल.

सगळीकडे चालेल असा रंग

अमेरिकी सैन्यानं याच्या अगदी उलटा डाव टाकला. २००४ साली त्यांनी एक नवी नक्षी जाहीर केली. बारीक चौकोनी ठिपके, आणि रंग फिकट हिरवा, वाळूसारखा आणि काँक्रीटसारखा करडा. नाव युनिव्हर्सल, म्हणजे जंगल, वाळवंट, शहर, सगळीकडे तेच कापड. निरनिराळ्या वर्द्या सांभाळायची कटकट नको, कोठारात एकच माल. काळा रंग मुद्दाम वगळला, निसर्गात तो फारसा सापडत नाही असं कारण देऊन. (शहरात तो जागोजागी सापडतो, पण ते असो.)

इराकमध्ये बगदाद-फलुजाच्या रस्त्यांवर धुळकट भिंतींपुढे ही वर्दी बरी दिसायची. पण रंगांत एकमेकांपासून पुरेसा फरक नव्हता आणि ठिपके बारीक. थोडं लांब गेलं की सगळं मिळून एकच फिकट आकृती उरायची, माणसाच्या आकाराची. अफगाणिस्तानच्या डोंगरांत आणि डाळिंबाच्या बागांत तर ती दुरून चमकायची. सैनिकांची कुरकुर अमेरिकी काँग्रेसपर्यंत पोहोचली. प्रतिनिधी जॉन मर्था यांनी २००९ मध्ये ती उचलून धरली, आणि २०१० पासून अफगाणिस्तानात जाणाऱ्यांना ब्रुकलिनच्या क्राय प्रिसिजन या कंपनीची मल्टिकॅम ही नक्षी मिळू लागली. तिच्यात तपकिरी आणि हिरवे रंग एकमेकांत विरघळत जातात. २०१५ पासून सगळ्या सैन्यात याच धर्तीची वर्दी येऊ लागली आणि १ ऑक्टोबर २०१९ ला करड्या ठिपक्यांची वर्दी रीतसर मोडीत निघाली. दरम्यान अब्जावधी डॉलरचं कापड फाटून संपलं होतं.

पण या फसलेल्या वर्दीनं एक गोष्ट जगभर रुजवली. ‘आधुनिक’ सैन्य म्हणजे संगणकी चौकोनी ठिपके. तसे चौकोन काही फॅशन म्हणून जन्मले नव्हते. १९७० च्या दशकात टिमोथी ओनील या अमेरिकी अधिकाऱ्यानं दोन इंची चौकोनांनी चिलखती गाडी रंगवून पाहिली होती. लांबून मोठा आकार मोडतो, जवळून बारीक पोत दिसतो, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. १९९० च्या दशकात कॅनडानं हीच कल्पना कापडावर आणली, मग अमेरिकी मरिन्सनी. त्यानंतर ज्याला त्याला ठिपके हवेसे झाले. अमेरिकी नौदलानं तर बोटीवरच्या खलाशांना निळे-करडे ठिपके दिले. खलाशी म्हणायचे, पाण्यात पडलो तर आता कुणालाच सापडणार नाही.

मास्टरच्या मशीनवर

भारतीय सैन्याची नवी वर्दी १५ जानेवारी २०२२ ला, दिल्लीतल्या लष्कर दिनाच्या संचलनात पहिल्यांदा दिसली. पॅराशूट रेजिमेंटच्या तुकडीनं ती घातली होती. दिल्लीच्या निफ्ट या फॅशन शिक्षणसंस्थेच्या मदतीनं बेतलेली, बारीक ठिपक्यांची, ऑलिव्ह आणि मातकट रंगांची. कापडात सत्तर टक्के सूत, तीस टक्के पॉलिएस्टर. शर्ट खोचायचा नाही, बाहेरच ठेवायचा. रंग असे निवडलेत की काश्मीरपासून राजस्थानपर्यंत चालावेत. शहरासाठी वेगळा विचार त्यात दिसत नाही, आणि तो नसणं मला बरोबरच वाटतं.

पुण्याच्या कॅम्पात फौजी वर्दी शिवणारी जुनी दुकानं आहेत. त्यांतल्या एका मास्टरकडे तासभर बसलो. काचेच्या कपाटात फिती, बिल्ले, दोऱ्या, नावाच्या पट्ट्या. भिंतीवर खडूनं लिहिलेली मापं. मास्टर सांगत होते, “पूर्वी जुन्या कॉम्बॅटचा तागाच असायचा इथं. आता नव्याचं सूतसुद्धा ठेवत नाही. जवान शिवलेलीच घेऊन येतात, आम्ही कंबर आवळायची, बाही बसवायची.”

त्यामागे कायदा आहे. सैन्यानं या नक्षीची पेटंट कार्यालयाकडे डिझाइन म्हणून नोंदणी केली. दहा वर्षांचा हक्क, तो पुढे पाच वर्षं वाढवता येतो. खुल्या बाजारात कापड विकणं बंद. वर्दी लष्कराच्या कॅन्टीनमधूनच. हे अचानक सुचलेलं नाही. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर जे दहशतवादी शिरले ते सैनिकी वर्दीतच होते, त्याआधी २०१५ मध्ये गुरदासपूरजवळच्या दीनानगरलाही तेच झालं. पठाणकोटनंतर लष्करानं नागरिकांना अशी नक्षी घालू नका आणि दुकानदारांना विकू नका, असं जाहीर सांगितलं. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी वर्दी घालणं इंग्रजांच्या काळापासून गुन्हाच आहे. भारतीय दंड संहितेत त्याचं कलम १४० होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते १६८ आहे.

मास्टरांनी मशीनखालून एक शर्ट काढून दाखवला. खिशाची झडप आणि छातीचा भाग, दोन्हींवरची नक्षी एकमेकांशी जुळत नव्हती. चौकटीच्या शर्टाला खिसा असा लावला, तर गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारेल. इथे मात्र नक्षी जुळवायची नाही, उलट न जुळली तर बरं. आकार मोडतो.

त्यांना विचारलं, हे बाजारातल्या छापील कापडाहून वेगळं काय? त्यांनी खांदे उडवले. फरक डोळ्यांना दिसत नाही. रात्री दुर्बिणीत दिसतो. रात्री पाहायची उपकरणं अवरक्त किरणांच्या जवळचा प्रकाश टिपतात. झाडाची पानं तो प्रकाश भरपूर परत फेकतात, आणि साध्या रंगानं रंगवलेलं कापड त्यात भलतंच काळं किंवा भलतंच उजळ दिसू शकतं. म्हणून सैनिकी कापडासाठी व्हॅट प्रकारचे खास रंग वापरतात, ज्यांचं अवरक्तातलं रूप पानांशी आणि मातीशी मिळतंजुळतं ठेवता येतं. आता हे कापड परीटाकडे गेलं की काय होतं बघा. कपडे शुभ्र करणाऱ्या पावडरीत चमक आणणारी द्रव्यं असतात. ती कापडात बसतात आणि अंधारात उपकरणासमोर वर्दी उजळते. अमेरिकी सैन्यानं तर अशा पावडरी आणि खळ या दोन्हींवर बंदी घातली. आपल्याकडे फौजेचा आणि कडक खळीचा किती जुना घरोबा! परीटघडीची, सुरीसारख्या धारेची चितकबरी वर्दी छावणीत कुणीही पाहिली असेल. आधी माणसाचा आकार मोडायचा म्हणून नक्षी छापायची, आणि नंतर इस्त्रीनं त्याच्या बाहीवर सरळ रेघ काढायची.

काळा

मुंबईत २००८ च्या नोव्हेंबरात दहशतवादी हल्ल्यानंतर राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो उतरले, तेव्हा ते काळ्या डांगरीत होते. हॉटेलच्या अंधाऱ्या बोळात, वीज घालवलेल्या खोल्यांत काळा बरा. पण काळ्याचं खरं काम तेवढंच नाही. ओलीस ठेवलेल्या माणसाला आणि शेजारच्या सहकाऱ्याला, एका क्षणात कळलं पाहिजे की हा आपला. शिवाय समोरच्याच्या मनात धडकी.

नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून दोरानं उतरणारे ते काळे ठिपके साऱ्या देशानं टीव्हीवर थेट पाहिले. पाकिस्तानात बसून फोनवरून सूचना देणारेही पाहत होते. २०१२ मध्ये हल्लेखोरांपैकी कसाबच्या खटल्याचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांच्या या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. शहरात प्रत्येक समोरच्या इमारतीच्या खिडकीत एक कॅमेरा असतो. कापड कितीही शहाणं असलं तरी त्याच्यापुढे ते काय करणार?

हल्ल्याच्या रात्री खरे लपले होते ते दहा दहशतवादी. सीएसटीत टिपलेल्या त्या प्रसिद्ध फोटोत कसाबच्या अंगात निळा टी-शर्ट आहे, ‘व्हर्साचे’ छापलेला, खाली करडी कार्गो पँट, पाठीवर सॅक. हातात बंदूक नसती तर साडेनवाच्या गर्दीतला कुणीही. शहरात लपायचं असेल तर शहरातल्या माणसासारखं दिसायचं, याहून चांगली वर्दी अजून कुणी शिवलेली नाही. लाल महालात शिरताना लग्नाच्या वरातीची युक्ती योजली गेली अशी कथा आपण शाळेपासून ऐकतो, तिचंही मर्म हेच.

पण सैनिकाला हे करता येत नाही. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या पुरवणी करारातलं सदतिसावं कलम दोन गोष्टी शेजारी शेजारी सांगतं. हल्ला करण्यासाठी नागरिक असल्याचं सोंग घेणं हा विश्वासघात, त्याला मनाई. चट्ट्यांची वर्दी घालून लपणं ही मात्र रणनीतीतली युक्ती, ती चालते. भारतानं त्या पुरवणीवर सही केलेली नाही, पण हे तत्त्व त्याहून जुनं आहे. म्हणजे सैनिकानं झाडात, मातीत, भिंतीत हवं तितकं मिसळावं, माणसांत मिसळू नये. आणि शहर तर माणसांचंच असतं.

चिकटपट्टी

ही ओढाताण कुठवर जाते, ते युक्रेनमध्ये २०२२ पासून दिसतंय. मारियुपोल, बाखमुत अशा उद्ध्वस्त शहरांत दोन्हीकडच्या सैनिकांच्या अंगात जवळपास सारख्याच नक्षीच्या वर्द्या. काहींनी स्वतः विकत घेतलेल्या, काहींना परदेशी मदतीतून मिळालेल्या. त्या वर्दीत ते पडक्या विटांत चांगले मिसळतात, इतके की जिन्यात समोर आलेला आपला की शत्रूचा हे कळत नाही. त्यामुळे दंडाला, पायाला, हेल्मेटला चिकटपट्टी गुंडाळायची पद्धत पडली. रशियन बाजूला पांढरी आणि लाल, युक्रेनी बाजूला पिवळी, निळी, हिरवी. महागाचं, अवरक्ताचा विचार करून रंगवलेलं कापड, आणि त्यावर हार्डवेअरच्या दुकानातली भडक पट्टी.

समोरचा शत्रू दुर्बिणीतून रंग ओळखतो आणि तोच रंग स्वतःच्या दंडाला लावून आत घुसू शकतो. त्यामुळे पट्टीचा रंग अधूनमधून बदलावा लागतो, आणि बदलल्याचा निरोप पलीकडच्या मजल्यावरच्या तुकडीला वेळेत पोहोचवावा लागतो. तो पोहोचला नाही, तर गोळी आपल्याच माणसाकडून येते.